घरचे रुमाल

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे जे असंख्य गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले आहेत, त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. आणि अशा कोणत्याही दप्तराचा अनुभव असा की, ज्या कागदावर मिती आणि नाव आहे तो आपल्या जागी चटकन जाऊन बसतो, परंतु ज्यावर दोन्ही नाहीत त्यापाशी जाणत्या अभ्यासकालाही दिवसचे दिवस खोळंबावे लागते. आपल्या घरोघरी असेच एक दप्तर असते, ते फोटोंचे; त्याला मात्र ना फेरिस्त, ना दप्तरदार.

आईच्या पश्चात तिची पत्र्याची ट्रंक गेल्या श्रावणात मी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुमारे चारशे फोटो निघाले. कित्येकांना बुरशी धरली होती, काही एकमेकांस चिकटले होते, आणि बहुतेकांची मागची बाजू कोरी होती. ते घेऊन मी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याजवळ बसलो. ओटीवर काढलेल्या एका फोटोतील अनोळखी गृहस्थ कोण, असे विचारताच तिने चष्मा कपाळावर सारला, फोटो अगदी डोळ्यांजवळ धरला, आणि चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. “पायात वहाणा आहेत बघ. आपल्या ओटीवर वहाणा घालून कोणी येत नसे. हे मामलेदार, काढा म्हणायचा कोणाला धीर झाला नाही.” आत्याच्या स्मरणाखेरीज ही हकीकत कोठेही नोंदलेली नव्हती. म्हणून फोटोंच्या व्यवस्थेत पेट्या आणि यंत्रे मागाहून येतात. ज्यांना माणसे ओळखता येतात त्यांच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसणे हे पहिले काम होय, असे माझे ठाम मत आहे.

पेन्सिल मऊ शिशाची असावी आणि हात हलका असावा. बॉलपेनाने लिहिले की अक्षरांचे वळ पुढच्या बाजूस उमटतात आणि शाई शेजारच्या फोटोस लागते. अलीकडच्या रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकचा थर दिलेली असल्यामुळे तिच्यावर पेन्सिल धरत नाही. तेथे कागदी लिफाफ्यावर आधी मजकूर लिहावा आणि मग फोटो त्यात घालावा. नाव, गाव, वर्ष एवढे पुरे. वर्ष निश्चित नसेल तर प्रामाणिकपणे ‘अंदाजे’ लिहावे.

पैसा आणि वेळ दोन्ही मोजके असतील तर आधी हात घालावा तो रंगीत फोटोंना. कृष्णधवल फोटोतील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते, त्यामुळे आजोबांचा फोटो पिवळसर झाला तरी टिकतो. १९७०-८०च्या काळातील रंगीत फोटो मात्र रंगद्रव्यांचे असतात, आणि त्यांतील निळसर छटा आधी उडून गेल्यामुळे आपल्या बहिणींची लग्ने आज तांबूस उजेडात लागल्यासारखी दिसतात. त्यांची नक्कल मोबाइलने उत्तम होते: खिडकीजवळ, पण थेट ऊन न पडेल अशा जागी, फोटो काळ्या कागदावर सपाट ठेवावा, मोबाइल त्यास समांतर धरावा, फ्लॅश बंद ठेवावा, आणि पाठीवर काही लिहिलेले असेल तर पाठीचीही नक्कल घ्यावी. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो निघत नसेल तर ओढू नये. पानासकटच नक्कल करावी.

मूळ फोटोंसाठी मी पेशवाईचीच रीत उचलली. मांजरपाट दोनदा धुऊन त्याची खळ काढली, फोटोंच्या मध्ये कोरे पांढरे कागद घातले (वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, तो कटाक्षाने टाळावा), आणि दशकवार रुमाल बांधले. ते कपाटाच्या मधल्या खणात ठेवले, कारण माळ्यावर उष्मा असतो, जमिनीलगत ओल असते, आणि पावसाळ्यात बाहेरची भिंत पाझरते. सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. सारा खर्च काही शेकड्यांत आटोपला.

मोबाइलमधील फोटोंची चिंता मला ट्रंकेहून अधिक वाटते. गूगल फोटोजची अमर्याद मोफत सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मिळणाऱ्या १५ जीबीत आपली ईमेलही मोजली जाते, आणि सरासरी ४ एमबीचा फोटो धरला तर तेथे जेमतेम पावणेचार हजार फोटो मावतात. तेव्हा आधी ‘सुप्रभात’ची चित्रे आणि एकाच प्रसंगाच्या दहा नकला काढून टाकाव्यात, आणि उरलेले फोटो सालवार फोल्डर करून हार्ड डिस्कवर उतरवावेत. फोल्डरच्या नावात वर्ष आधी आणि महिना दोन अंकी घातला की संगणक क्रम आपोआप लावतो. डिस्क एक पुरत नाही, कारण ती पूर्वसूचनेवाचून बंद पडते. दुसरी घ्यावी आणि ती परगावच्या भावंडाकडे ठेवावी, कारण पूर आला तर तो घरातल्या दोन्ही डिस्कांवर सारखाच येतो. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही एकदा जोडून पाहाव्यात. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो आकुंचित होतो आणि त्यातील तारखेची नोंद पुसली जाते. जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

आत्याबरोबर आमच्या सहा बैठका झाल्या, आणि अखेरीस एकच फोटो उरला. विहिरीच्या काठावर कडेवर मूल घेतलेली, परकर नेसलेली एक मुलगी. चेहरा अर्धा चौकटीबाहेर गेलेला. आत्याने तो दोनदा हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. मी पाठीवर लिहिले: ‘आमची विहीर, १९५० च्या सुमारास. मुलीचे नाव आत्यास आठवले नाही.’ खाली दोन बोटे जागा मोकळी सोडली आणि फोटो त्या दशकाच्या रुमालात अगदी वर ठेवला.