एका मताचे वजन : १७५

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आटोपली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत राज्यवार मतांचा एक तक्ता छापून येतो. महाराष्ट्राने अमुक उमेदवाराला इतकी मते दिली, असे त्यात लिहिलेले असते. २०२२ च्या जुलैत तो तक्ता सांगत होता की, महाराष्ट्र विधानसभेतील १८१ आमदारांनी द्रौपदी मुर्मू यांना आणि ९८ आमदारांनी यशवंत सिन्हा यांना मत दिले. वास्तविक महाराष्ट्राने, म्हणजे येथील कोट्यवधी मतदारांनी, त्या दिवशी काहीच केलेले नव्हते. मुंबईच्या विधान भवनात तीनशेहूनही कमी माणसांनी गुलाबी मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहिले आणि त्या पत्रिका पेटीबंद होऊन दिल्लीस गेल्या. राज्याचे मत म्हणतात ते हे.

या मतात हिंगोलीसारख्या जिल्ह्याचा वाटा किती, याचा हिशेब शाळेतील नागरिकशास्त्राच्या पुस्तकाच्या आधारे कोणालाही मांडता येतो. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागायचे आणि भागाकाराला पुन्हा हजाराने भागायचे. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती, आमदार २८८. भागाकार येतो १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत २०८, गोव्याच्या आमदाराचे २०, सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे जिल्ह्याचे तीन मतदारसंघ. म्हणजे जिल्ह्याच्या पारड्यात पडतात ५२५. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीची रास काट्यावर चढवणाऱ्या शेतकऱ्याला वजनाचे महत्त्व सांगावे लागत नाही. माप जुने असेल तर तो पहिला प्रश्न मापाबद्दलच विचारील.

आणि हे माप जुनेच आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने या हिशेबासाठी १९७१ ची लोकसंख्या गोठवली. २००० नंतर ती मोकळी व्हावयाची होती. तेव्हा २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत लांबवली. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच म्हणावा लागेल. दरम्यान २०११ मध्ये हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ झाली. एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९२ हजार माणसे झाली, परंतु त्याच्या मताच्या वजनात पावणेदोन लाखच धरली जातात.

येथे एक गैरसमज मात्र टाळला पाहिजे. २०११ चे आकडे घेतले असते, तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ वरून ३९० वर गेले असते; पण त्यामुळे महाराष्ट्राचे वजन वाढले असते असे नव्हे. त्याच मापाने उत्तर प्रदेशचा आमदार २०८ वरून ४९६ वर जातो, तमिळनाडूचा १७६ वरून ३०८ वर आणि केरळचा १५२ वरून २३९ वर. देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा हिस्सा १९७१ मध्ये ९.२ टक्के होता आणि २०११ मध्ये तो ९.३ टक्क्यांच्या आत-बाहेरच राहिला. उत्तरेकडील राज्ये वर जातील, दक्षिणेकडील खाली येतील आणि महाराष्ट्र जेथल्या तेथे राहील. मतदारसंघांच्या फेररचनेवरून दक्षिणेत जेवढी अस्वस्थता दिसते तेवढी येथे का दिसत नाही, याचे एक कारण या साध्या भागाकारात आहे.

वजनाचा प्रश्न आकड्यांनी तरी सुटतो. ते वजन कोणत्या पारड्यात पडले, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. २०२२ च्या जून-जुलैत महाराष्ट्रातील आमदारांनी सहा आठवड्यांच्या आत जितक्या रीतींनी मते दिली, तितक्या रीतींनी क्वचितच कधी दिली असतील. १० जूनला राज्यसभेची निवडणूक झाली. २००३ मधील कायदा-दुरुस्तीपासून या निवडणुकीत आमदाराने आपली मतपत्रिका स्वपक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. त्या दिवशी ती भलत्यांच्या दृष्टीस पडली म्हणून शिवसेनेच्या सुहास कांदे यांचे मत बाद झाले. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक झाली, ती मात्र गुप्त. भारतीय जनता पक्षाचे पाचही उमेदवार निवडून आले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईबाहेर पडले. पुढे ३ जुलैला विधानसभाध्यक्षाची निवड आणि ४ जुलैला विश्वासमत. हे मतदान शिरगणतीने, भर सभागृहात. ठरावाच्या बाजूने १६४ आणि विरुद्ध ९९. त्यानंतर १४ दिवसांनी, १८ जुलैला, राष्ट्रपतिपदासाठी पुन्हा गुप्त मतदान.

या क्रमात कळमनुरी मतदारसंघाचे नाव सर्व महाराष्ट्राने ऐकले. तेथील शिवसेनेचे आमदार संतोष बांगर ३ जुलैपर्यंत उद्धव ठाकरे यांच्या बाजूस होते आणि ४ जुलैला शिंदे यांच्या बाजूस उभे राहिले. ते योग्य केले की अयोग्य, हा कळमनुरीच्या मतदारांचा विषय आहे. परंतु ते घडले उघड्यावर, सर्वांच्या देखत, आणि म्हणूनच मतदाराला त्याविषयी मत बनवता आले. १८ जुलैचे तसे नाही.

त्या दिवशीच्या ९८ या आकड्याकडे पाहून असे वाटेल की, ४ जुलैचे ९९ विरोधक जवळजवळ जसेच्या तसे यशवंत सिन्हा यांच्या मागे उभे राहिले. आकडे सारखे दिसतात. माणसे तीच नव्हेत. विश्वासमताच्या दिवशी काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे अनेक आमदार सभागृहात नव्हते, आणि ९९ मध्ये ठाकरे यांच्यासमवेत राहिलेले शिवसैनिक आमदार होते. राष्ट्रपतिपदासाठी मात्र ठाकरे यांनी १२ जुलैला मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. ज्या पक्षाची शकले कोणती आणि मूळ पक्ष कोणता यावर न्यायालयात वाद चालू होता, त्याचे दोन्ही गट या एका मतापुरते एकाच उमेदवारामागे होते. म्हणजे कळमनुरीचा आमदार कोणत्याही गटात असता तरी पक्षादेश तोच राहिला असता! पक्षांच्या जाहीर भूमिका पाहता हिंगोलीतील भाजपचे तानाजी मुटकुळे आणि कळमनुरीचे बांगर एका बाजूला, तर वसमतचे राष्ट्रवादीचे राजू नवघरे दुसऱ्या बाजूला, असा ३५० विरुद्ध १७५ चा हिशेब मांडता येतो. पण तो हिशेबच. घटनेच्या ५५ व्या कलमाने ही निवडणूक गुप्त मतदानाची ठरवली आहे. तीत पक्षाचा आदेश बंधनकारक नसतो आणि तो मोडल्याबद्दल सदस्यत्वही जात नाही. तक्त्यात १८१ आणि ९८ छापले जातात, नावे छापली जात नाहीत.

जाता जाता खासदाराच्या मताचीही एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. सर्व आमदारांच्या मतांची बेरीज निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागून खासदाराचे मत ठरते. २०१७ पर्यंत ते ७०८ होते. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच अस्तित्वात नसल्यामुळे तेथील ६,२६४ मते वजा झाली आणि ते ७०० वर आले. काश्मीरमधील एका निर्णयाने हिंगोलीच्या खासदाराचे मत आठाने हलके व्हावे, इतकी ही यंत्रणा एकमेकांत गुंतलेली आहे.

महाराष्ट्राच्या या मतदानाचा गेल्या दोन दशकांचा इतिहास पाहिला, तर शिवसेनेचे वेगळेपण नजरेत भरते. २००७ मध्ये ती राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असताना त्या बाजूच्या भैरोसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभाताई पाटील यांच्या मागे गेली; कारण जाहीर होते, उमेदवार मराठी आहे. २०१२ मध्ये तिने प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला, आणि राज्यातील मते २२५ विरुद्ध ४७ अशी पडली. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद यांना २०८ आणि मीरा कुमार यांना ७७ मते मिळाली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी मिळून ८३ आमदार असताना ७७. ही सहा मते कोठे गेली, याचे उत्तर गुप्ततेच्या पोटात आहे. २००७ चे कारण भावनेचे असेल, पण ते निदान उघडपणे सांगितले गेले. मराठी उमेदवार त्यापूर्वीही उभा राहिला होता, हे मात्र तेव्हा फारसे कोणाला आठवले नाही. १९६९ च्या ऐतिहासिक निवडणुकीत वराहगिरी वेंकटगिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्याखेरीज तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी उभ्या केलेल्या या महाराष्ट्रीय अर्थमंत्र्याला १,१२,७६९ मते मिळाली. पहिल्या फेरीत कोणालाच पुरेशी मते न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले.

त्या निवडणुकीत इंदिरा गांधी यांनी ‘सद्सद्विवेकबुद्धीनुसार’ मत देण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून हा शब्द प्रत्येक राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत फिरून येतो. ज्याच्याकडे संख्या कमी, त्याला विवेक आठवतो, असे कोणी म्हटल्यास त्याला चूक म्हणता येणार नाही. तरीही गुप्तता काढून टाकावी, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून आमदाराला सभागृहात पक्षाच्या आदेशाबाहेर मत देण्यास जवळजवळ जागा उरलेली नाही. राज्यसभेची मतपत्रिकाही तो दाखवून देतो. राष्ट्रपतीची निवड ही त्याच्या हाती उरलेली फार थोड्या मोकळ्या जागांपैकी एक आहे. ती बुजवली, तर निवडणूक घेण्यापेक्षा पक्षकार्यालयांकडून पत्रे मागवून बेरीज करणे स्वस्त पडेल.

पण सामान्य मतदाराची गुप्तता आणि आमदाराची गुप्तता यांत फरक आहे. हळदीच्या अडतीवरचा हमाल किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक आपले मत लपवतो, ते त्याच्यावर सत्ता गाजवू शकणाऱ्यांपासून. तो कोणालाच जबाब देणे लागत नाही. आमदाराचे १७५ हे त्याच्या घरचे नव्हे. ते मतदारसंघाच्या लोकसंख्येतून काढलेले आहे. पक्षाने विचारू नये, हे मान्य. मतदाराने विचारू नये, हे कोणी ठरवले? २०२२ मध्ये ओडिशातील काँग्रेसचे आमदार मोहम्मद मोकीम यांनी पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मुर्मू यांना मत दिल्याचे त्याच दिवशी स्वतः सांगितले. त्यांचे मत पटो वा न पटो, कटकच्या मतदाराला ते समजले. महाराष्ट्रात २०१७ च्या त्या सहा मतांविषयी त्यांच्या मतदारांना असे काही कळले नाही.

हिंगोलीला तर या बाबतीत आणखी एक अनुभव आहे. १९५२ मध्ये पहिल्या राष्ट्रपतीची निवड झाली तेव्हा हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. त्या विधानसभेचे सदस्य, योगायोगाने, १७५ च होते. १९५७ मध्ये येथील आमदारांनी द्वैभाषिक मुंबई राज्याचे म्हणून मत दिले आणि १९६२ पासून महाराष्ट्राचे म्हणून. जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. राज्य बदलले, जिल्हा बदलला, मताचे वजन बदलले. मत कोणाला दिले हे मतदाराला सांगण्याची चाल मात्र कधीच पडली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुटकुळे, बांगर आणि नवघरे हे तिघेही पुन्हा निवडून आले. २०२२ च्या जुलैत त्यांचे पक्ष दोन बाजूंना होते. या वेळी तिघेही एकाच महायुतीचे उमेदवार म्हणून जिंकले. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार म्हणून निवडून आले ते मात्र ठाकरे यांच्या पक्षाचे नागेश पाटील आष्टीकर. द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. तोवर नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत, तर जिल्ह्याच्या तीन मतपत्रिकांचे वजन त्या वेळीही ५२५ च राहील.