मिळकत पत्रिकेच्या आधी : सातारा आणि सांगलीतल्या जागांचा माग

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेतला वाडा असो की सांगलीच्या गावभागातली जागा, तिचा मालकी हक्क कुठून आला हे शोधणारा माणूस आधी नगर भूमापन कार्यालयात जातो. तिथे त्याच्या हातात मिळकत पत्रिका पडते. तिच्यावर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, धारकाचे नाव आणि खाली फेरफारांच्या नोंदी असतात. त्यातले सर्वांत वरचे नाव म्हणजे मूळ मालक, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक ते नाव भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकाऱ्याला जागेवर ज्याचा ताबा आणि हक्क दिसला, त्याचे असते. त्याआधीची शंभर-दीडशे वर्षे पत्रिकेत मावत नाहीत. ती वर्षे शोधायची असतील तर त्या जागेवर राज्य कोणाचे होते आणि ते कधी बदलले, हे आधी ठरवावे लागते. कृष्णेच्या एकाच खोऱ्यातल्या या दोन शहरांत हा बदल बरोबर शंभर वर्षांच्या अंतराने झाला : साताऱ्यात १८४८ मध्ये, सांगलीत १९४८ मध्ये.

साताऱ्याचे शहरपण १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हापासूनचे. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर आणि पायथ्याशी एकेक पेठ वसत गेली. काहींना वारांची नावे मिळाली, तर यादोगोपाळ, बसाप्पा, केसरकर, सदाशिव अशी काही नावे व्यक्तींची आहेत. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना ईस्ट इंडिया कंपनीच्या देखरेखीखाली राज्य मिळाले. त्यांच्या काळात शहराच्या मध्यभागी राजवाडा उभा राहिला. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले गेले आणि त्यांचे बंधू शहाजीराजे गादीवर आले. शहाजीराजे १८४८ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी घेतलेल्या दत्तकाला गादीचा वारस मानण्यास गव्हर्नर जनरल डलहौसीने नकार दिला आणि राज्य खालसा केले. त्या दिवसापासून शहरातल्या प्रत्येक मोठ्या जागेपुढे एक प्रश्न उभा राहिला : ही राजाची खासगी मिळकत, की राज्याची? राज्याची ठरली तर ती सरकारकडे जाणार, खासगी ठरली तर वारसांकडे. राजवाड्याच्या परिसरात नंतर सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्याच रजिस्टरात १९१४ क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे नाव दाखल झाले. ज्या दालनांत दरबारी वावरत होते, तिथे महार समाजातला मुलगा इंग्रजी शिकू शकला, कारण त्या वास्तूचा वापर आता सरकारी शाळेसाठी होत होता. हक्कबदलाचा एवढा मोठा सामाजिक परिणाम साताऱ्यात दुसऱ्या कुठल्या वास्तूने क्वचितच पाहिला असेल, आणि त्याचा पुरावा खरेदीखतापेक्षा शाळेच्या रजिस्टरात अधिक ठळक आहे.

सांगलीची गोष्ट वेगळी. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात वाटणी झाली आणि चिंतामणराव पटवर्धनांनी कृष्णेकाठच्या सांगलीला आपल्या संस्थानाचे ठाणे केले. गणपती मंदिराचे काम १८११ च्या सुमारास सुरू होऊन १८४३ मध्ये पूर्णत्वास गेले. याच वर्षी विष्णुदास भावे यांनी इथेच ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. साताऱ्याच्या पेठांत इंग्रजांचा महसुली कारभार रुळत होता, तेव्हा सांगलीत जागा देणे, घेणे आणि नोंदवणे संस्थानच्या दप्तरात चालले होते. हे दप्तर मार्च १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालू राहिले. विलीनीकरणाच्या करारांत संस्थानिकांनी खासगी मालमत्तेची यादी सादर करायची होती. म्हणजे साताऱ्याला १८४८ मध्ये पडलेला प्रश्नच सांगलीला शंभर वर्षांनी पडला. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे तासगाव, खानापूर, वाळवा किंवा शिराळा इथल्या जुन्या कागदांवर सातारा जिल्हा दिसतो, तर मधल्या अकरा वर्षांच्या दस्तांवर दक्षिण सातारा.

यावर वकिलांचा आक्षेप रास्त आहे. आजच्या खरेदीसाठी तीस वर्षांचा शोध पुरतो, तीस वर्षांहून जुन्या दस्ताच्या अस्सलपणाबद्दल न्यायालय अनुकूल गृहीत धरू शकते, मग मोडीतली बाडे कशाला उपसायची? व्यवहार निर्वेध असेल तोवर हे ठीक आहे. पण वाद पेटतो तो बहुधा मुळातच : जागा इनामाची होती का, देवस्थानची होती का, की सार्वजनिक होती? महसुली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, पण तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही, ही न्यायालयांची ठाम भूमिका आहे. तेव्हा मुळाकडे जावेच लागते. दुसरा आक्षेप असा की पेशवे दप्तर पुण्यात जपलेले आहे, त्यात सगळे सापडेल. ते दप्तर महसूल, इनामे आणि राज्यकारभार सांगते. एका वाड्याचा चौथा हिस्सा कोणत्या भावाने कोणाला विकला, हे बहुधा घरच्या वाटणीपत्रात, गहाणखतात किंवा नोंदणी कार्यालयाच्या सूचीत सापडते.

तुलनेसाठी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची आखणी १६८२ मध्ये झाली. तिथला संशोधक विल्यम पेनला मिळालेल्या सनदेपासून सुरुवात करून एका दस्तावरून पुढच्या दस्तावर येऊ शकतो. आपल्याकडे मात्र राज्य बदलले की दप्तर, कायदा आणि कधी लिपीही बदलते, आणि प्रत्येक टप्प्यावर हक्क नव्याने तपासला जातो. म्हणून इथे माग काढण्याचा क्रम ठरवूनच जावे. आधी राजकीय तारीख, मग त्या काळचे दप्तर, मग चौकशी नोंदवही आणि शेवटी मिळकत पत्रिका. सातारा-सांगलीच्या घरांत पडलेली मोडी कागदपत्रे वाचून घेऊन त्यांच्या प्रती अभिलेखागारात देणे, हे इथल्या नागरिकांना आज सहज करता येण्यासारखे काम आहे. ते झाले नाही तर पेठांचा इतिहास चौकशी अधिकाऱ्याने लिहिलेल्या पहिल्या नावापाशीच सुरू होईल, आणि त्याआधी इथे राहिलेल्या, राबलेल्या, कर्ज काढून भिंती बांधलेल्या माणसांचा हक्क कोणालाच सांगता येणार नाही.