बटन सेल गिळला तर…

एलईडीचे दोन पाय गोल बटन सेलच्या दोन बाजूंना टेकवले की दिवा लागतो. मुलांना करून बघायला याहून सोपं सर्किट नाही. दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीच्या पणत्यांतही बहुधा हाच सेल असतो.

मागे आमच्या अपघात विभागात दोन वर्षांची मुलगी आली. लाळ गळत होती, दूध गिळवत नव्हतं. आईला वाटलं, नाणं गिळलं असेल. एक्स-रेत गोल सावली दिसली, पण तिला दुहेरी कड होती. साध्या नाण्याला ती सहसा नसते. तेव्हा मोठा भाऊ हळूच म्हणाला, ‘कंदिलातल्या दिव्यांसाठी आणलेला एक सेल सापडत नाहीये.’ दुर्बिणीतून सेल काढला, पण तोवर अन्ननलिका भाजली होती.

सेल फुटून आतलं रसायन बाहेर आलं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तरातून सेलच्या दोन बाजूंमध्ये वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. भाजतं ते तिनं. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. पुढे श्वासनलिकेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला भोक पडण्याचा धोका असतो. सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. दिवा लागेनासा झालेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरलेली असते.

सर्किट करणाऱ्या मुलाला हे एकदा दाखवा. मोठ्यांनी सोबत बसून बशीत थोडं पाणी, मीठ आणि हळद कालवायची, त्यात सेल ठेवायचा. अधिक चिन्ह नसलेल्या बाजूला हळद लाल होऊ लागते. हळदीच्या डागाला साबण लागल्यावर होते तशीच. नंतर तो सेल चिकटपट्टीत गुंडाळून टाकून द्या.

मुलानं सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. सुरुवातीला काहीच त्रास दिसत नाही, असंही होतं. १०८ला फोन करा किंवा एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. उलटी करवू नका, पाणी किंवा जेवण देऊ नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळू शकत असेल आणि १२ तास उलटले नसतील, तर दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे इजा मंदावते, थांबत नाही. म्हणून तो वाटेतच द्यायचा, त्यासाठी घरी थांबायचं नाही. सेलचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल सोबत आणा.

मुलांचं सर्किट बंद करू नका. फक्त उठताना सेल मोजायची सवय लावा.