माशाच्या पोटातला किडा: नाव काय, धोका काय?

बांगडा साफ करताना पोटात पांढरा, दोऱ्यासारखा किडा दिसला की घरात दोन आवाज उठतात. अम्मी म्हणते, "मासा फेकून द्या!" मुलगी विचारते, "याचं नाव काय?"

आधी मुलीचे उत्तर. हा बहुधा गोलकृमी असतो. पण नेमकी जात सांगणे सोपे नाही. अभ्यासक तो अल्कोहोलमध्ये टिकवतात, ग्लिसरीनने पारदर्शक करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओठ, अन्ननलिका व नराची शेपटी तपासतात. नोंदलेल्या कोणत्याही जातीशी तो जुळला नाही, तरच ती नवी जात. तिचा मूळ नमुना संग्रहालयात जपतात. कधी डोळ्यांना फरक दिसतच नाही. 'अ‍ॅनिसाकिस सिम्प्लेक्स' ही एकच जात मानली जाई. आनुवंशिक तपासणीत तो अनेक जातींचा समूह निघाला.

आपल्या शहराला समुद्र नाही, पण ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते, त्या १९५० च्या दशकात एस. एम. अली यांनी राज्यातील मासे व पक्ष्यांमधील गोलकृमींचा अभ्यास केला.

आता अम्मीचे उत्तर. अ‍ॅनिसाकिसची जिवंत अळी कच्च्या माशातून पोटात गेली, तर तीव्र पोटदुखी व उलट्या होतात. लिंबू-मिठाने ती मरेलच असे नाही. आतपर्यंत शिजवल्यावर मरते. म्हणून मासा आणताच पोट साफ करा, दिसलेले किडे काढा, नीट शिजवा. मासा फेकू नका. आणि मुलीच्या हाती एक भिंग द्या.