बोंबलाचं इंग्रजी गोत्र

इंग्रजीतल्या चमत्कारिक शब्दांवरचा लेख दिवाळीत कुठल्या ना कुठल्या अंकात असतोच, आणि त्यात 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हे मालगाडीएवढं धूड असतंच. लॅटिनच्या असल्या कसरती ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल कराव्यात. प्रस्तुत लेखकाचा हट्ट जुना आहे. इंग्रजी कोशातले विचित्र शब्द मासवण-मनोरच्या वाटेवर, पालघरच्या बाजारात, सातपाटीच्या किनाऱ्यावर शोधावेत.

'बम्मलो' घ्या. इंग्रजी कोशांत या शब्दाचा अर्थ बोंबील. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याला मानाने जागा दिली. यावर वाद नाही. वाद पेटतो तो बोंबलाच्या दुसऱ्या इंग्रजी नावावरून, 'बॉम्बे डक'वरून. सुक्या बोंबलाच्या पाट्या मुंबईच्या डाकगाडीतून जात, डब्याला वास सुटे, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं 'डक', ही कथा आमचे एक स्तंभलेखक मित्र दर दोन वर्षांनी नव्याने सांगतात. मुंबईहून पहिली आगगाडी सुटली १८५३ साली, पालघरवरून जाणारा सुरतेचा मार्ग मुंबईपर्यंत आला १८६४ साली, आणि 'बॉम्बे डक' त्याच्या आधीच छापून झालेलं होतं! शिवाय मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाच 'डक' म्हणत, हे त्याच 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये नोंदलं आहे. पण गोष्ट गोड असली की तारखा कोण बघतो?

बोंबील कळायचा तर मासे वाळवायच्या वलांडीपाशी उभं राहावं. डोलीच्या जाळ्यातून आलेला मासा इतका पाणीदार की हातात धरवत नाही. मग एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी बांबूवर टांगायची, की उन्हात त्याची खडखडीत काडी होते. १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्याची आयात थांबवली तेव्हा विलायतेतले खवय्ये हळहळले होते. पुढे बंदी उठली.

'मंगूस'चं मूळ मराठी, मुंगूस. त्यातला 'गूस' म्हणजे हंस नव्हे, म्हणून अनेकवचन 'मंगीस' होत नाही. इंग्रजी शाळेतली पोरं तिथे हमखास अडखळतात. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघून कंटाळलेल्या सोल्जरांनी 'डूलॅली' दिला, म्हणजे डोकं फिरलेला. 'टँक'चं श्रेय काहीजण सगळंच पोर्तुगीजांना देतात. कोशकार मात्र गुजरातीतलं 'टांकू' आणि मराठी 'टाकं' यांची नावं आधी घेतात. पहिल्या महायुद्धात रणगाडा गुप्त ठेवायचा म्हणून तो पाण्याची टाकी असल्याचं भासवलं, आणि १९१६ साली तो त्याच नावाने रणांगणात उतरला. ग्रीक मुळांच्या वैद्यकीय शब्दांची जंत्री इथे देत नाही. ती कुठेही मिळते.

तारापूरची गोष्ट निराळी. १९६९ पासून तिथे अणुवीज निघते, आणि तिच्याबरोबर 'स्क्रॅम' हा शब्द बोईसरच्या वसाहतींत आला. अर्थ, अणुभट्टी तातडीने बंद करणं. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत पहिली भट्टी चालली तेव्हा ती बंद पाडणाऱ्या सळईचा दोर तोडायला एक जण कुऱ्हाड घेऊन उभा होता, हे खरं. पण त्या कुऱ्हाडवाल्याच्या हुद्द्याची आद्याक्षरं जुळवून शब्द झाला, ही मागाहून रचलेली हुशारी. 'पळा इथून' हा अमेरिकी बोलीतला अर्थ पुरेसा आहे. हल्ली मात्र आद्याक्षरांशिवाय कुणाचं समाधान होत नाही; मोबाइलवर रोज सकाळी अशी एक व्युत्पत्ती येऊन पडते आणि दुपारपर्यंत तालुकाभर फिरते.

स्वदेशाभिमानी मंडळींचंही तेच. चीक येतो म्हणून चिकू, असं ते छातीठोकपणे सांगतात. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तर हे पालुपद फारच ऐकू आलं. झाड मेक्सिकोकडचं, नावही तिकडच्या 'चिकोसापोते'चं. त्याच झाडाचा चीक आटवून तिकडे च्युइंग गम करत, आणि 'चिकलेट्स'चा 'चिकल' तो हाच.