भुवईचा रंग उतरतो तेव्हा

त्वचेची निगा : लेखांक ६

परमनंट म्हणून करून घेतलेल्या भुवया वर्ष-दीड वर्षात फिक्या दिसायला लागल्या की पार्लरवालीने हलका रंग वापरला, अशी पहिली शंका येते. बहुतेक वेळा ती खरी नसते. पुरावा हवा असेल तर जामनेरकरांना लांब जायला नको. पहूरवरून फर्दापूर गाठलं की अजिंठा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो; पुढच्या खेपेला त्याच्या भुवईची कमान तेवढी नीट बघा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबडा आणि पिवळा रंग लोहयुक्त मातीतून घेतला, काळा दिव्याच्या काजळीतून. आज भुवईत भरायच्या बऱ्याच रंगांतही लोहाची ऑक्साइडं असतात आणि काजळीचा भाऊ असलेला कार्बन. भिंतीवर हे रंग दीड हजार वर्षं टिकले, कपाळाखाली दोन वर्षंही धड टिकत नाहीत. कारण भिंत निर्जीव आहे आणि कातडी जिवंत.

परमनंट भुवया करायच्या मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांची एक पात असते. तिने केसासारखे चिरे पाडून रंग आत सोडतात. जायचं असतं एक मिलिमीटरहूनही कमी खोल, वरच्या थराच्या जेमतेम खाली. वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो, त्यामुळे तिथे अडकलेला रंग लगेच निघून जातो. खाली पोचलेला रंग शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात. त्या पेशी मरतात, रंग मोकळा होतो, नव्या पेशी तो पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. या देवघेवीत बारीक कण थोडे थोडे वाहून जातात. तेलकट कातडीवर रेघा लवकर पसरतात आणि पुसट होतात, कोरडीवर जास्त टिकतात.

मग आजीच्या कपाळावरचं गोंदण कसं टिकलं, असा प्रश्न खानदेशात हमखास येतो. ते खोल टोचलेलं होतं आणि निव्वळ काजळीचं होतं. पण त्याचा रंग आठवा. काळा राहिला का? हिरवट-निळा झाला. काळा कण कातडीत खोल बसला की वरून निळसर दिसतो. भुवईला तसा रंग कोणालाच नको असतो, म्हणून जाणकार हात मुद्दाम वरवर काम करतो. भुवई फिकी पडते याचा अर्थ बहुधा हात योग्य खोलीवर थांबला होता. 'मला जरा गडद आणि पक्कं करून द्या' असा हट्ट धरणाऱ्या बायका नंतर लेझरसाठी जळगावच्या फेऱ्या मारतात, आणि तो हट्ट पुरवणाऱ्याचं मला खरंच वाईट वाटतं.

भुवई टिकवायची असेल तर पहिला महिना सगळ्यात महत्त्वाचा. पहिले तीन-चार दिवस रंग नको इतका गडद दिसतो. मग खपली धरते, खाज येते, आणि आठ-दहा दिवसांत खपली गेली की भुवई जवळजवळ गायब झाल्यासारखी वाटते. इथे बायका घाबरतात. घाबरू नका, चार ते सहा आठवड्यांत रंग वर येतो. खपली नखाने काढली तर तिच्याबरोबर रंग जातो आणि तिथे पांढरा ठिपका किंवा काळा डाग राहतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर असे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

यावरून लग्नसराईचं गणित मांडा. घरात कार्य आहे म्हणून आठ दिवस आधी भुवया करून घेणं म्हणजे ऐन हळदीच्या दिवशी खपली. ताज्या जखमेवर हळद, उटणं, चेहराभर घाम आणि वरून मेकअप, सगळंच वाईट. किमान दोन महिने आधी करा. आणि जमेल तर वैशाख टाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. स्कूटीवर तोंडाला बांधलेल्या स्कार्फची कड नेमकी भुवईवर घासते, त्याखाली घाम साचतो. शेतात काम करणाऱ्या बाईला तर महिनाभर ऊन आणि धूळ टाळणं शक्यच नसतं. तिने कापूस वेचणीच्या दिवसांतही हे काम काढू नये.

जखम भरल्यावर मात्र ऊन हा कायमचा विषय. लोहाचे रंग उन्हाने सहसा उडत नाहीत, पण हल्लीच्या मिश्रणात सेंद्रिय रंगही असतात, ते उडतात. शिवाय भोवतालची कातडी रापली की भुवई आपोआप फिकी दिसते. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन भुवईवरूनही फिरवा. बहुतेक जणी नेमकी तेवढीच जागा सोडतात. मुरुमांसाठी किंवा गोरेपणासाठी रेटिनॉलची आणि आम्लाची क्रीम लावत असाल तर भुवईपासून बोटभर अंतर ठेवा, ही क्रीम कातडीचा थर लवकर काढतात. थ्रेडिंग जखम पूर्ण भरल्यावर चालतं, ते रेघेच्या बाहेर.

आता टचअप. पहिला सहा-आठ आठवड्यांनी, तो कामाचाच भाग. त्यानंतर दर वर्षी जायलाच हवं, असं मी मानत नाही. दर खेपेला जुन्या रंगावर नवा रंग आणि जुन्या चिऱ्यावर नवा चिरा चढतो. पाच-सहा वर्षांत केसासारख्या रेघा जाऊन एक भरीव पट्टा उरतो, आणि कातडीत बारीक व्रण होतात ज्यात रंग धरतच नाही. निम्म्याहून जास्त रंग गेल्याशिवाय खुर्चीत बसू नका. उतरताना छटा लालसर झाली किंवा करडी-निळी झाली तर वरून गडद रंग भरून झाकू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. पार्लरमधल्या लेझरवर तर मुळीच विसंबू नका. लाल लोहऑक्साइड आणि पांढरा टायटॅनियम लेझरच्या माऱ्याने काळे पडू शकतात. म्हणून डॉक्टर आधी एका कोपऱ्यात चाचणी घेतात.

टचअपला गेल्यावर रंगाची बाटली हातात घ्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सी.आय. आणि पाच आकडे असतात. ७७४९१ म्हणजे लाल लोहऑक्साइड, ७७४९२ पिवळं, ७७४९९ काळं, ७७८९१ टायटॅनियम, ७७२६६ कार्बन. लेबलच नसलेल्या बाटलीतला रंग भुवईत घेऊ नका. सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली पात टाकून दिली पाहिजे, कारण कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. हे विचारताना संकोच नको, ओळखीच्या ताईकडेही.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेवर जाड वण उठत असतील, तर टचअप पुढे ढकला किंवा डॉक्टरांना विचारून करा. जुन्या भुवईत वर्षांनंतरही अचानक गाठी, खाज किंवा सूज आली तर ती रंगाची ॲलर्जी किंवा आतला आजार असू शकतो. एमआरआय करताना भुवईत रंग आहे हे सांगा. लोहामुळे क्वचित तिथे चटका बसतो. रक्तदानालाही टचअपनंतर १२ महिने थांबावं लागतं.

पुढच्या आठवड्यात ओठांत भरायच्या रंगाविषयी लिहीन. तोवर ज्यांच्या भुवया झालेल्या आहेत त्यांनी एवढं करा : पार्लरमध्ये जाऊन आपल्या भुवईत गेलेल्या रंगाचं नाव, बाटलीवरचे ते आकडे आणि तारीख वहीत उतरवून आणा. उद्या लेझर करायची वेळ आली तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.