अदास्यम् आणि ‘पगारीआ’

आमची नात गेल्या वर्षापासून स्पॅनिश भाषा शिकत आहे. सायंकाळीं डोंबिवलीच्या घरच्या सज्जांत बसून ती क्रियापदें घोकूं लागली, म्हणजे जन्मभर मुलांकडून लकार पाठ करवून घेतलेला हा मास्तर स्वस्थ कसा बसणार?

एके दिवशीं ‘पगारीआ, पगारीआस, पगारीआ, पगारीआमोस, पगारीआइस, पगारीआन’ असा घोष चालला होता. मूळ धातु पगार, म्हणजे पैसे देणें. हाच धातु पोर्तुगीज भाषेंतही आहे, व आपला महिन्याचा पगार तिकडूनच आलेला. आमचें ठाणें १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतें, तेव्हां हा पाहुणा तसा शेजारचाच!

रूपें साधण्याची रीत फार सोपी आहे. धातूचें कांहींएक न तोडतां त्यास ‘ईआ’ इत्यादि प्रत्यय लावावयाचे. कोमेर (खाणें), बिबिर (जगणें) यांचीं कोमेरीआ, बिबिरीआ. तिन्ही गणांस प्रत्यय एकच. हा ‘ईआ’ म्हणजे ‘जवळ असणें’ अशा अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाच्या भूतकाळाचा झिजलेला अवशेष होय. पोर्तुगीज लिखाणांत ‘दार-ते-इआ’ (तुला दिलें असतें) असें रूप आढळतें. त्यांत ‘तुला’ हा शब्द बरोबर सांध्यांत शिरलेला आहे. सांधा होता याला याहून उघड पुरावा कोणता?

आतां आपला लृङ् पाहा. ‘दास्यति’ हें भविष्याचें अंग घेऊन त्याच्यामागें ‘अ’ व पुढें भूतकाळाचा प्रत्यय लाविला कीं ‘अदास्यत्’. जी क्रिया घडावयाची ती घडली नाहीं, अशा ठिकाणीं पाणिनीनें त्याची योजना सांगितली आहे. भविष्याच्या अंगावर भूताचें वस्त्र, ही युक्ति दोन्हीकडे सारखीच!

हें मीं नातीला मोठ्या अभिमानानें समजाविलें, आणि तेथेंच माझा पाय घसरला. संस्कृतांत ‘यदि धनम् अभविष्यत् तर्हि अदास्यम्’, मराठींत ‘पैसे असते तर दिले असते’; दोन्ही वाक्यांगांत रूप एकाच जातीचें. तेव्हां स्पॅनिशमध्येंही तसेंच कर, असें मीं बेधडक सांगितलें. तिनें परीक्षेंत तसें केलें व गुण गमावले. त्या भाषेंत ‘सी’, म्हणजे ‘जर’, याच्यामागून हें रूप कधींच येत नाहीं. तेथें निराळें रूप लागतें. ‘सी तुबिएरा दिनेरो, पगारीआ’, हें शुद्ध वाक्य. संकेत एका रूपानें बोलावयाचा, त्याचें फळ दुसऱ्यानें. मराठी विद्यार्थी नेमका येथेंच चुकतो, कारण आपले कान जोडरूपांस सरावलेले!

पोर मला एका शब्दानेंही बोलली नाहीं; त्याचेंच मला अधिक लागलें. दुसऱ्या दिवसापासून मी तिची वही घेऊन बसूं लागलों. परवां ती म्हणाली, “आजोबा, मे गुस्तारीआ ऊन काफे.” मला कॉफी आवडेल, असें हें आर्जवाचें बोलणें, येथेंही तेंच रूप.

“यांत ‘सी’ कोठें आहे?” मीं विचारलें.

“नाहींच मुळीं. तुम्ही उठा आणि आधण ठेवा!”